डीपी चालू करायची राहिली

गजेंद्रचा फोन आला तेव्हा गीतांजली मूर्तिजापूरच्या बाहेर, गयासुद्दीनभाईंच्या नव्या दालमिलच्या आवारात चुन्याने अर्थिंगच्या खड्ड्यांच्या जागा आखत होती. मस्कतच्या वाऱ्यात नवऱ्याचा आवाज तुटत होता.

"सुट्टी मंजूर झाली. जानेवारीच्या शेवटी येऊन राहिलो. डीपी चालू करू नको. मी आलो का संगं करू."

ती "बरं" म्हणाली. त्या दिवशी तिने आखलेल्या रेषा इतक्या वाकड्या निघाल्या की खड्डे खणणाऱ्या पुंजाजीला त्या पायाने पुसून पुन्हा ओढाव्या लागल्या.

ती अमरावतीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत असताना कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नवं पॅनल बसवायला जो वायरमन आला होता, तो गजेंद्र. लग्नानंतर दोघांनी मूर्तिजापुरात स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. आधी शेतातल्या मोटारी, मग जिनिंग, मग दालमिल. ट्रान्सफॉर्मरपाशी ती आणि मोटारीपाशी तो, अशी वाटणी आपोआप झाली. केबलच्या दोन टोकांना उभं राहून दोघं ओरडून तारा जुळवायचे. "लाल!" "लाल!" "पिवळा!" "पिवळा!" बघणाऱ्यांना हसू यायचं. मग एका कंपनीने त्याला मस्कतच्या सबस्टेशनवर बोलावलं. "एकदा मोठं काम पाहून येतो," तो म्हणाला. कोणी बळजबरी केली नव्हती आणि तिनेही अडवलं नव्हतं. त्यामुळे रागवायचं तर कोणावर, हेच तिला उमजत नसे.

ट्रान्सफॉर्मर, म्हणजे गावच्या भाषेत डीपी, अकोल्याहून ट्रकने आला आणि क्रेनने चौथऱ्यावर बसला. तीन तारांनी अकरा हजार व्होल्ट आत जाणार, आणि चार तारांनी मिलला पेलेल एवढंच बाहेर पडणार. त्यातली चौथी तार न्यूट्रलची, ती जमिनीशीही जोडायची. तिच्यासाठी दोन खड्डे, ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टाकीच्या अंगासाठी वेगळे दोन, आणि आभाळातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वरच्या वीजरोधकासाठी आणखी एक. ट्रक वळायला जागा राहावी म्हणून गयासभाईंनी खड्डे भिंतीलगत मागितले होते. तिथे खाली मुरूम निघाला. जमिनीचा रोध मोजायचा मीटर लावला तर काटा नको तिथे जाऊन बसला.

"बेटी, मीठ अजून टाकलं तर?" गयासभाईंनी विचारलं.

"मुरमात पाणी टिकत नाई, भाई. मांगे काळी जमीन आहे, तिकडे नेऊ."

पुंजाजी दोन शिव्या हासडून मागे गेला आणि पुन्हा खणायला लागला. प्लेट उतरवली, कोळसा आणि खडे मिठाचे थर दिले, वरून टँकरचं पाणी सोडलं. या वेळी मीटरचा आकडा हवा तसा आला. गीतांजलीने त्याचा फोटो गजेंद्रला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं. नुसता एक अंगठा. खड्डे कुठे घेतले, मुरूम लागला का, एवढं जरी त्याने विचारलं असतं तरी तिने रात्रभर सांगितलं असतं.

केबल ओढून झाल्यावर तारा जुळवताना सवयीने तिच्या तोंडून मोठ्याने "लाल!" गेलं. चहा पीत बसलेला पुंजाजी दचकला.

"काय म्हणता, बाई?"

"काई नाई."

मग तीच चालत दुसऱ्या टोकाला गेली.

तपासणी झाली, परवानगी हातात आली. आता फक्त वीज कंपनीच्या लाइनवाल्यांना बोलावून डीपी चालू करायची राहिली होती. गीतांजली रोज मिलवर यायची आणि काहीतरी काम काढायची. कधी कुंपणाला रंग, कधी खड्ड्यांवरच्या झाकणांना नंबर, कधी बोल्ट.

"हे बोल्ट परवाच कसले ना आपण?" पुंजाजी म्हणाला.

"थंडीनं ढिले होतात."

"थंडीनं?" त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पाना तिच्या हातात दिला.

गयासभाई घाई करत नव्हते. पण मिलच्या गोदामात तुरीची पोती छताला टेकायला आली होती. एक दिवस ते तिच्यासाठी खुर्ची घेऊन आले.

"माल येऊन पडला, बेटी. जमाई कधी येऊन राहिले?"

"या आठवड्यात."

"तर मंग आठवडाभर थांबू. तूर काई पळून नाई जात."

आठवडा सरायच्या आत गजेंद्रचा फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला होता. सुट्टी रद्द.

"तू करून टाक चालू," तो म्हणाला. "तुले येते सगळं."

"येते का नाई हे इचारलं काय मी?"

तिचा आवाज चढला.

"तुमी म्हटलं थांब म्हणून थांबली मी. लोकाची मिल थांबवून ठेवली. बोल्ट कसून राहिली रोज, येड्यावानी."

"गीता, माह्या हातात नाई ना आता."

"मालूम आहे," ती म्हणाली. तिला खरोखरच मालूम होतं, म्हणून भांडण तिथेच अडकलं.

दुसऱ्या दिवशी तिने लाइनवाल्यांना बोलावलं. ऐन वेळी गजेंद्रला फोन लावला. व्हिडिओ येईना, नुसता आवाज पोचत होता. तिने फोन कुंपणाच्या खांबावर ठेवला. लाइनमनने लांब काठीने एकेक फ्यूज वर बसवला, खालचा स्विच ओढला, आणि टाकीतून ती भरीव, एकसुरी घूं सुरू झाली. तिने व्होल्टेज मोजलं. तिन्ही फेज सारखे होते, न्यूट्रल शांत होता.

"आला काय आवाज?" तिने फोनकडे वळून विचारलं.

फोन कटला असावा म्हणून तिने उचलून पाहिला. चालू होता.

"आला," तो म्हणाला. "राहू दे थोडा वेळ. ठेव तिथंच."

तिने ठेवला. मग मिलमध्ये जाऊन पट्टा काढलेली मोठी मोटार सुरू केली, तर ती उलटी फिरली. गयासभाईंचा चेहरा उतरला.

"पहिल्याच झटक्याला उलटी? हे ठीक नाई, बेटी."

"दोन तारा अदलाबदल केल्या का सुलटी होते, भाई."

वीज बंद करून तिने दोन तारांच्या जागा बदलल्या. मोटार सरळ फिरली. पुंजाजीने पट्टा चढवला, आणि पहिल्या तुरीची डाळ खाली पडली तेव्हा गयासभाईंनी मूठभर तिच्या ओंजळीत दिली. धुळीने भरलेल्या अंगणात ती फोनपाशी परत आली तोवर तो कटला होता.

गजेंद्र आला तो मे महिन्यात. रापलेला, बारीक झालेला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मिल पाहायची म्हटली. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालावं लागतं, गीतांजलीला जायचंच होतं. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तो बादल्या आणून देई, ती ओतत जाई. मिल चालू होती. मोटारीपाशी तो बराच वेळ नुसता उभा राहिला.

"काय पाहून राहिले?"

"दोन वर्षांत मोटार फिरतानी पाह्यली नाई मी," तो म्हणाला. "तिकडे केबल ओढाची न् पुढच्या खंदकात जाची. दुसरं टोक कशाले लागते, कोणी सांगत नाई. आपुनबी इचारत नाई."

तिने रिकामी बादली खाली ठेवली. हा माणूस रोज फोनवर "सगळं मस्त आहे" म्हणत आला होता. तिला त्याचा हात धरावासा वाटला. आजूबाजूला हमाल होते, तरी तिने धरला.

करार दिवाळीपर्यंतचा होता, तो पुरा करणं भाग होतं. जूनच्या सुरुवातीला ती त्याला अकोल्याला गाडीवर सोडायला गेली. फलाटावर गर्दी नव्हती.

"मोठं काम पाहून झालं," तो म्हणाला. "पुढचं तुह्यं काम कुठं आहे?"

"नांदगाव खंडेश्वरले. जिनिंग आहे. दिवाळीनंतर खड्डे घेईन."

"मी आल्यावर घे."

"नाई," ती म्हणाली. "या खेपी मी थांबत नाई. काम वेळेवर होईन." मग त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत म्हणाली, "पण तुमी या."

गाडी सुटली. तो दारात उभा राहून काहीतरी ओरडला, इंजिनाच्या आवाजात तिला ते कळलं नाही. ती स्टेशनबाहेर आली, मूर्तिजापूरची एसटी धरली, आणि खिडकीशी बसून त्याच्या ओठांच्या हालचालीशी लाल, पिवळा असे शब्द पुन्हा पुन्हा जुळवून पाहत राहिली.