गोठ्यामागची भिंत

शालिग्राम टेबलाखाली उताणा पडून केबलचा जोड पिळत होता आणि त्याच्या पायांशी खुर्ची टाकून बसलेले मोतीलालनाना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"थांबलं ना पुन्हा?" नाना म्हणाले.

"जोड हलला असेल नाना. लगेच होतं."

"मघाशीही जोडच हलला होता."

शालिग्राम बाहेर आला. शर्टाच्या पाठीला धूळ होती. जळगावच्या नव्या पेठेतल्या त्याच्या संगणक क्लासमध्ये चपला बाहेर काढून यावं लागे, संगणकांना धूळ चालत नाही म्हणून. टेबलाखालची धूळ या नियमात बसत नव्हती. मे महिना होता. एकुलता एक एसी मशीनांसाठी होता, माणसांना त्यातून उरेल तेवढी हवा.

नाना ज्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते, तिच्या शाळा धुळे आणि जळगाव अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरल्या होत्या. मागे त्यांनी मोठ्या शहरातल्या एका कंपनीकडून एका शाळेत संगणकांचं जाळं बसवून घेतलं होतं. ते फीत कापेपर्यंत उत्तम चाललं. तेव्हापासून नानांनी माहितीपत्रकं वाचणं सोडून दिलं. आता त्यांची अट सरळ होती. आठ मशीन जोडा, माझ्यासमोर अर्धा तास न थांबता चालवा, सगळ्या शाळांचं काम तुमचं. ते मिळालं तर शालिग्रामचा क्लास टिकणार होता. नाहीतर शेजारच्या टायपिंगवाल्याने ही जागा आपल्याला हवी असल्याचं दोनदा हसत हसत सुचवून ठेवलं होतं.

धुळ्याच्या शाळा सांभाळायला धुळ्याचा माणूस हवा, असंही नानांचं म्हणणं पडलं. म्हणून देवचंद आला होता. शालिग्रामचा चुलतभाऊ. त्याने धुळ्याहून जीपमध्ये आपलं एक मशीन आणि वना नावाचा आपला शिकवणारा माणूस आणला होता. सकाळपासून दोघा भावांत वायर, प्लग आणि व्होल्टेज या विषयांवर सविस्तर बोलणं झालं होतं. दुसऱ्या कुठल्याही विषयावर झालं नव्हतं.

आठ मशीनांवर एकदम ताण येईल अशी एकच गोष्ट शालिग्रामकडे होती, ती म्हणजे गोळीबाराचा एक खेळ. नानांना त्याने ही नेटवर्कची चाचणी असल्याचं सांगितलं. पडद्यावर बंदुका घेतलेली माणसं एका गल्लीतून पळताना पाहून नाना एवढंच म्हणाले होते, "चाचणी जरा तापट दिसते."

गल्ली शालिग्राम-देवचंदच्या गावची, असोद्याची होती. पदवी घेऊन नोकरीची वाट बघण्याच्या दिवसांत या दोघा भावांना शोध लागला होता, की या खेळातल्या भिंती आपल्यालाही बांधता येतात. मग अख्खी सुट्टी त्यांनी आपली गल्ली बांधण्यात घालवली. ओटे, विहीर, दोन्ही घरांमधलं सामाईक अंगण, मागचा गोठा. शालिग्राम टेप घेऊन मापं घ्यायचा, देवचंद ती मशीनमध्ये भरायचा. मूळ खेळातले राक्षस त्यांनी काढून टाकले. भाऊबंदांच्या गल्लीत त्यांची उणीव कोणाला भासली नाही.

पुढे शेत वाटलं गेलं आणि मग अंगण. दोन घरांमधली, गोठ्यामागेपर्यंत जाणारी भिंत सरळ यावी म्हणून गवंड्याच्या समोर दोरी धरून शालिग्राम स्वतः उन्हात उभा राहिला. त्याच आठवड्यात त्याने ती खेळातही बांधली, उंचीला अगदी बरोबर. नकाशा खरा हवा, हा त्याचा बाणा होता. नव्या नकाशाची फ्लॉपी त्याने एस.टी.च्या पार्सलने धुळ्याला पाठवली. पोचल्याचं उत्तर आलं नाही.

"चालू करा," शालिग्राम म्हणाला.

आठही पडद्यांवर असोदा उजाडलं. नानांनी घड्याळ पाहून ठेवलं. मशीनांवर बसलेली क्लासमधली पोरं गल्लीत पळू लागली, विहिरीमागे लपू लागली. शालिग्राम या वेळी केबलकडे न बघता पडद्यांकडे बघत उभा राहिला. वना कोपऱ्यातल्या धुळ्याच्या मशीनवर होता. त्याचा माणूस देवचंदच्या घराच्या बाजूने गोठ्यामागे गेला, आणि सगळं जागच्या जागी गोठलं. प्रत्येक पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ इतकाच होता, की मशीनांचं आपसात एकमत नाही.

नानांनी टोपी गुडघ्यावरून उचलून डोक्यावर ठेवली.

"शालिग्राम, जीप खाली उभी आहे. मला भडगावला लग्न गाठायचंय."

"शेवटचं एकदा, नाना. सापडलं मला."

सापडलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. या खेळात सगळी गल्ली प्रत्येक मशीनच्या पोटात वेगळी असते. गल्ली सारखी आहे का, हे सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना जोडणारं मुख्य मशीन, तपासत नाही. माणसं कुठे उभी आहेत, तेवढंच तपासतो. एखादा माणूस सर्व्हरच्या मते भिंत आहे अशा जागी उभा दिसला, की तो सगळ्यांनाच थांबवतो.

शालिग्राम वनाच्या मशीनपाशी गेला. नकाशाच्या फाइलचं नाव तेच होतं. आकार वेगळा होता. त्याने ती उघडली. गोठ्यामागे भिंतीत एक माणूस जाईल एवढी फट होती.

"देवचंद, हे काय आहे?"

"वाट."

"ती दिसते मला. चाचणी आहे, आणि तू चोरवाट पाडून आलास? वनाला जिंकवायचं होतं?"

"मी कुठं पाडली भाऊ," देवचंद हळूच म्हणाला. "होती तशी काढली. नकाशा खरा पाहिजे, हे तुझंच ना?"

"भिंत अख्खी आहे. मी बांधून घेतली आहे."

"बांधल्यानंतर मागं गेलास का कधी?"

दिवाळीला तो ओट्यावर बसून फराळ करायचा आणि संध्याकाळच्या बसने परत यायचा.

"टाक तुझी फाइल या मशीनवर," देवचंद म्हणाला. "एका मिनिटाचं काम आहे. नाना थांबलेत."

शालिग्राम टेबलावरच्या फोनपाशी गेला आणि त्याने असोद्याचा नंबर फिरवला. फोन त्याच्या आईने, कमलबाईंनी उचलला.

"माय, गोठ्यामांगं भितीले वाट पाडली का कोनी?"

आईने आवाज खाली आणला.

"तुले कोनं सांगतलं?"

"कॉम्प्युटरनं."

"त्याले कसं कयलं?"

"माय, मी काय इचारतो?"

"पह्यले दोनच इटा काढल्या व्हत्या. प्रमिलाच्या घरी ताक द्याले. गिलास जाये त्यातून. मंग तिच्याकडे पाव्हने आले, त ताकाचा गंज द्या लागला. गंजासाठी अजून काढल्या." आईचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. "मंग म्हनलं, गंज जातो त मानसानं कायले मोठ्या रस्त्यानं फिरून जावं?"

"मले नाही सांगतलं?"

"तू दोरी धरली व्हती ना बापा."

शालिग्रामने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्याची काकू, देवचंदची आई प्रमिलाबाई, त्याला अंगणाची वाटणी झाल्यापासून भेटली नव्हती.

"बुजवाले लावशीन का आता?" आईने विचारलं.

"मशीन चालू शे माय. मंग बोलतो."

'आहे'साठी 'शे' हे असोद्याचं नव्हे, धुळ्याकडचं. सकाळपासून वनाचं बोलणं कानावर पडून ते तोंडात आलं असावं. त्याने फोन ठेवला. नाना दाराशी पोचले होते आणि एका पायाने चप्पल शोधत होते. देवचंदने शालिग्रामच्या नकाशाची फ्लॉपी वनाच्या मशीनपुढे आणून ठेवली होती आणि तो भिंतीला टेकून उभा होता.

शालिग्रामने ती उचलली, तिच्यावरचं सगळं पुसलं, वनाच्या मशीनमध्ये घातली आणि वनाच्या मशीनमधला नकाशा तिच्यावर घेतला. मग तो पहिल्या टेबलाकडे गेला. पोराला उठवून स्वतः बसला. फ्लॉपी करकरू लागली.

देवचंद भिंतीपासून सरकला. "भाऊ, सगळ्यांना टाकत बसशील तर वेळ जाईल."

"जाऊ दे."

"एखादी कॉपी फसली तर सगळंच बसेल. काम जाईल आपलं."

"माहीत आहे."

नाना एक चप्पल घालून आत वळले. "आता काय चाललंय? बिघडलेलं एक म्हणता ना? मग बाकीच्यांना कशाला हात लावता?"

"उलटं आहे नाना," शालिग्राम पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "बरोबर असलेलं एक. बिघडलेली सात."

नानांनी देवचंदकडे पाहिलं. देवचंदने एसीकडे पाहिलं. नानांनी चप्पल पुन्हा काढली आणि खुर्चीवर टेकले, मात्र टोपी डोक्यावरच राहू दिली.

तिसऱ्या मशीनवर फ्लॉपी अडकली. शालिग्रामने ती काढून शर्टाला पुसली आणि पुन्हा घातली. पुन्हा अडकली. त्याच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडला. खालून जीपवाल्याने हॉर्न दिला. देवचंद शेजारी आला, फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण नखाने मागेपुढे सरकवून त्याने ती शालिग्रामच्या हातात दिली. मशीनने घेतली. पुढची तीन मशीनं दोघांनी मिळून केली. एक बसायचा, दुसरा पोराला उठवायचा. सर्व्हर शालिग्रामने शेवटी केला. तिथे जुनी फाइल पुसू का, असं मशीनने विचारलं, तेव्हा तो थोडा थांबला. नंतर त्याने कळ दाबली.

"चालू करा."

नानांनी घड्याळ पाहिलं. पोरं आधी बिचकत खेळली, मग विसरली. वनाचा माणूस गोठ्याकडे निघाला, तेव्हा देवचंदने शालिग्रामच्या खुर्चीची पाठ धरली. वना गोठ्यामागे गेला, फटीतून आरपार निघाला आणि त्याने शालिग्रामच्या ओट्यावरची दोन माणसं मारली. सगळी मशीनं चालू राहिली.

नाना खुर्ची पुढे ओढून वाकले.

"हा भिंतीतून कसा गेला?"

"तिथे वाट आहे नाना."

"मघाशी तर नव्हती. आत्ता केली का तुम्ही?"

"नाही," शालिग्राम म्हणाला. "बऱ्याच दिवसांपासून आहे. सर्व्हरला माहीत नव्हती."

नानांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि टोपी काढून मांडीवर घेतली. गोष्ट त्यांना तांत्रिक वाटली.