नुसतं उघडून बघितलं

लंकाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा माधुरीसमोर धरला. पेरावर आडवी भेग होती आणि चुलीच्या राखेने ती काळी झाली होती.

"ह्योच लागला असंल, ताई. फोन माझ्याकडंच असतो. दुसरं कोन हात लावतंय त्याला?"

माधुरीने अंगठ्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या सुमेधाकडे. दहा महिन्यांची सुमेधा सकाळी सहाला नगरहून एसटी निघाल्यापासून किरकिरत होती. जामखेडला गाडी बदलून खर्ड्यात उतरेपर्यंत तिने डोळा मिटला नव्हता. संस्थेच्या या बालकेंद्रात आल्यावर लंकाबाईंनी तिला न विचारता उचलून घेतलं होतं, दोन्ही तळव्यांवर तोलून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "आठ किलो. वर थोडं."

"कमी आहे का?"

"न्हाई, न्हाई. चांगली हाय."

माधुरीला तेवढ्यानेच इतकं हलकं वाटलं की तिने पुढे काही विचारलंच नाही. छताच्या कडीला टांगलेल्या काट्यावर लंकाबाईंनी उगाच खात्री म्हणून वजन केलं. आठ किलो दोनशे.

आता सुमेधा झोपली होती. खोलीत दुसरं मूल नव्हतं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, तेव्हा खोलीही अशीच रिकामी होते. भिंतीला लावून ठेवलेल्या सतरंज्यांवर एक मांजर बसलं होतं.

माधुरीच्या पिशवीत टाइप केलेला खुलासा होता. तो रविराज सरांनी स्वतः लिहिला होता. चारच ओळी. 'माझ्या हातून अनवधानाने नोंदीत बदल झाला', आणि खाली सहीची जागा. नगरच्या सावेडीतल्या एका औषधाच्या दुकानावर सरांच्या दोन खोल्या होत्या, तीच त्यांची कंपनी. संस्थेचं बाळांच्या नोंदींचं ॲप त्यांनी करून दिलं होतं, म्हणजे माधुरीने. बाळंतपणानंतर ती घरूनच काम करायची. संस्थेला फोनची तपासणी हवी होती आणि सेविकेची, म्हणजे लंकाबाईंची, सही. सर म्हणाले होते, तूच जाऊन ये, बाई बाईशी नीट बोलते.

"त्या दिवशी नक्की काय झालं, मावशी?"

लंकाबाईंनी पदर खांद्यावरून पुढे घेतला.

"सुकन्या आली हुती, टोळी निघायच्या आदल्या दिवशी. म्हनली, मावशी, मुकादम थांबाया तयार न्हाई, जाऊ का ऱ्हाऊ? म्हनलं थांब, बघून सांगते. उघडलं तर तवा बी 'ठीक'. महिनाभर तसंच येत हुतं. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू."

बाळाच्या नोंदीपुढे 'धोका' असेल तर त्याच्या आईला तोडीला पाठवायचं नाही, तिला गावातच ठेवून सहा महिने घरात शिधा भरायचा, ही संस्थेची रीत होती. सुकन्याची मुलगी जुलैपासून 'धोका'मध्ये होती. दूध पिताना तिला धाप लागायची.

"तुम्हाला शंका नाही आली?"

"आली की. पोरगी हातात घेतली तर नुसती हाडं. पर म्हनलं, डॉक्टरांनी बदललं असंल. नवं काय तपासलं असंल. मी धा बुकं शिकलेली, त्यांच्या म्होरं माझं काय?" त्यांनी फोन उचलला आणि पुन्हा सतरंजीवर पालथा ठेवला. "सुकन्याला दावला मी. म्हनलं ह्ये बघ, ठीक लिव्हलंय, जा बिनघोर."

सोळाव्या दिवशी कारखान्याच्या तळावर, पाचटाने शाकारलेल्या कोपीत, मुलगी गेली होती. ते दोघींनाही माहीत होतं, त्यामुळे कुणी उच्चारलं नाही.

"कुठं सही करू?" लंकाबाईंनी विचारलं.

माधुरीने कागद बाहेर काढला पण पेन काढलं नाही.

मंगळवारी दुपारी सुमेधाला वरणभात भरवता भरवता तिला ते सापडलं होतं. एका हाताने ती लॅपटॉपवर सुकन्याच्या मुलीची नोंद चाळत होती, अंगठा कधी लागला ते शोधत होती. अंगठा कुठेच लागलेला नव्हता. सेव्हचं बटण कुणी दाबलंच नव्हतं. घास सुमेधाच्या ओठांपाशी तसाच राहिला आणि मुलगी रडायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की हात हवेत आहे. त्या दिवसापासून सुमेधा झोपली की ती तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची.

रविराज सरांना तिने लगेच फोन केला होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माधुरी, बाई स्वतः कबूल करतायत. आपण मागितलंय का कबूल करा म्हणून? संस्थेचं काम गेलं तर मी तुला घरून काय काम देणार, सांग. दुरुस्ती करून ठेव, खुलासा हातात आला की ॲपमध्ये टाकू."

माधुरीने झोपलेल्या मुलीला सतरंजीवर ठेवलं. मांजर उठून दाराकडे गेलं.

"मावशी, तुमचा अंगठा लागला नाही."

"असं कसं म्हनता? बदललं तर हाय ना."

"द्या फोन. बघा, मी एक खोटं बाळ तयार केलंय. नाव 'चाचणी'." तिने यादी समोर धरली. "काय दिसतंय?"

"लाल ठिपका. धोका."

"आता मी हे उघडते. बोट कुठं लागतंय ते बघत राहा." नोंद उघडली. वजन, जन्मतारीख, आईचं नाव, आणि खाली प्रकृतीच्या रकान्यात 'ठीक'. माधुरीने काहीही न दाबता मागे नेलं. यादीत 'चाचणी'पुढे हिरवा ठिपका होता.

लंकाबाईंनी चष्मा कपाळावर सारला, पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"दाबलं न्हाई तुमी."

"नाही."

"नुसतं उघडून बघितलं."

"हो." माधुरीने हात मांडीवर एकमेकांत धरले. "सप्टेंबरात डॉक्टरांनी कळवलं की 'लक्ष ठेवा' आणि 'धोका' काढा, त्याजागी 'मध्यम' आणि 'तीव्र' घाला. मी यादी बदलली. जुन्या बाळांच्या नोंदीत 'धोका' तसंच राहिलं. तुम्ही नोंद उघडली की रकाना ते 'धोका' नव्या यादीत शोधतो. त्याला ते सापडत नाही. मग यादीत जे पहिलं आहे ते दाखवतो. पहिलं 'ठीक' आहे."

"दावू दे की. दावल्यानं काय हुतं?"

"तिथंच माझं चुकलं. मावशी, तुम्ही पूर्वी बाळाचं कार्ड बघायच्या तेव्हा हातात पेन असायचं का? बघणं वेगळं, लिहिणं वेगळं. ॲपमध्येही स्क्रीनवरचा रकाना वेगळा ठेवायचा असतो आणि आतली नोंद वेगळी. मधे सेव्हचं बटण. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात हे. मी रकाना थेट नोंदीला बांधला. रकान्यात जे दिसेल ते आत लिहिलं जातं, कुणी सांगो न सांगो." तिने झोपलेल्या सुमेधाकडे पाहिलं. "मुलीला ताप होता तेव्हा. मी तिथं लिहूनसुद्धा ठेवलं होतं, 'नंतर वेगळं करू'. ते अजून तसंच आहे लिहिलेलं."

बाहेर कुणीतरी टेम्पो सुरू करत होतं. तीनदा घरघरला आणि बंद पडला.

माधुरी वाट पाहत होती. बाई रडतील, चिडतील, हात उगारतील, यातलं काहीही चाललं असतं. संस्थेला हे लेखी द्यायचं तिने येताना बसमध्ये ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती. आधी या बाईच्या मनावरचं ओझं उतरवायचं, मग बाकीचं.

"म्हंजे जे उघडलं न्हाई, ते हाय तसंच ऱ्हायलं?" लंकाबाईंनी सावकाश विचारलं.

"हो. तुमच्याकडं ऑगस्टमध्ये नऊ बाळं 'धोका'त होती. आता एक दिसतंय. वैजनाथच्या घरचं."

"ते माझ्या दाराम्होरंच हाय. त्याचं कशाला उघडू? रोज डोळ्यानं दिसतं." त्यांनी सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. "त्याची आई ऱ्हायली मागं. परवा त्याला दात आला."

माधुरीने फोनची स्क्रीन बंद केली.

"ज्यांचा घोर वाटायचा, त्यांचंच उघडायची मी. सुकन्याच्या पोरीचं तर जेवताना बी."

"पहिल्याच वेळी बदललं होतं, मावशी. नंतर कितीदा बघितलं असतं तरी..." माधुरीने वाक्य अर्धंच सोडलं.

लंकाबाईंनी हात पुढे केला. माधुरीला वाटलं, फोन मागतायत. त्यांनी कागद घेतला.

"पेन द्या."

"मावशी, हे खरं नाही. मी खरं काय ते लिहून देणार आहे संस्थेला."

"तुमी काय लिव्हायचं ते लिव्हा. मला ह्ये बरं हाय." त्यांनी माधुरीच्या पिशवीच्या कप्प्यातून स्वतःच पेन काढलं. "माघारी आल्यावर सुकन्या माझ्या दारात येनार. तिला काय सांगू? अंगठा लागला म्हनलं तर शिव्या दील, झिंज्या उपटील, आन मोकळी हुईल. बघितलं म्हनून गेली, असं सांगू व्हय? मी बघतच हुते म्हनू?"

त्यांनी सही केली. अक्षर सुबक होतं, शाळेत गिरवलेलं, नाव आणि आडनावावर एक अखंड रेघ.

माधुरीने कागद परत घेतला. तिला आता बोलायचं नव्हतं, पण बोलणं भाग होतं, कारण खरं तर ती त्यासाठीच आली होती.

"सुकन्याची धरून आठ नोंदी बदलल्या. सात बाळं राहिली. ती कुठली, हे ॲपमध्ये आता कुठंच नाही. मागची प्रत आठवड्याभराचीच असते. संस्थेकडं नुसता आकडा आहे. कार्डं ठेवलीत का कुणी?"

"ॲप आलं तवाच बंद केली कार्डं. दोनदोनदा लिव्हायला नको म्हनून."

"डॉक्टरांना आठवतील?"

"त्येंची बदली झाली."

"मग तुम्हालाच सांगावी लागतील. नावं कळली तर तळावर माणूस पाठवता येईल."

लंकाबाई सरळ बसल्या. माधुरीकडे दुसरा कागद नव्हता. तिने खुलासाच उलटा केला आणि मांडीवर लॅपटॉपच्या पिशवीवर ठेवला.

"रंगनाथच्या थोरल्या सुनेचा पोरगा. त्याचं डोकं मोठं हाय."

माधुरीने लिहिलं.

"भागूबाईची नात, लेकीची. वाल्मिकचा दुसरा, त्यो पिवळा पडला हुता श्रावनात. गहिनीनाथचा नातू. ती बेळगावच्या बाजूला गेल्यात, त्येंचा फोन लागत न्हाई." नावं भराभर येत होती. प्रत्येक नावाबरोबर लंकाबाईंचे तळवे किंचित वर व्हायचे आणि खाली यायचे. माधुरी मान वर न करता लिहीत होती. तिला बऱ्याच दिवसांनी धीर आल्यासारखं झालं होतं.

"चार झाली," ती म्हणाली.

"आन कानिफनाथच्या जुळ्यातलं एक."

माधुरीने 'जुळी' असं लिहिलं. "कुठलं?"

"बारकं." लंकाबाईंचे तळवे वर आले आणि तिथेच थांबले. "थांबा. बारकं का थोरलं? दोन्ही पोरीच. सारखीच कुंची घालायची त्यांची आय." त्यांनी डोळे मिटले. सुमेधाने झोपेत उसासा टाकला, तशी माधुरीची नजर तिकडे वळली आणि परत आली.

"सावकाश आठवा, मावशी."

"रोज बघायची की दोघींचं. रोज." डोळे मिटलेलेच होते. कपाळावर आठ्या चढल्या आणि हळूहळू उतरल्या. "ठीकच हुत्या वाटतं दोघी."

"नीट आठवून बघा. ऑगस्टात, कार्ड बंद व्हायच्या सुमाराला. एकीच्या नावापुढं लाल असणार."

लंकाबाईंचे तळवे मांडीवर आले, उताणे.

"न्हाई, ताई. डोळं मिटलं तरी दोघींम्होरं हिरवंच येतंय."

माधुरीने 'जुळी'पुढची जागा मोकळी सोडली आणि खाली सहाचा आकडा घातला.