ठिणगी कोणाच्या खांद्यावर

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात त्या कपड्यांवरचे डाग काढायच्या, म्हणून सगळे त्यांना डागताई म्हणत. शाई असो, गंज असो की ग्रीस, डागताईंनी हात लावला की डाग मुकाट्याने चालता होतो, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. त्यांचे यजमान शाळेची बस चालवून निवृत्त झाले होते. बसमधल्या पोरांनी त्यांना मामा केलं, आणि मग शेजारीपाजारीही बसमामाच म्हणू लागले. माणूस मोठा लाघवी. रस्त्यातलं कुत्रंसुद्धा त्यांच्या पायाशी घोटाळायचं.

मुलगी लग्न होऊन गेली तसं डागताईंना घर खायला उठलं. त्याच सुमारास दुकानातल्या एका गिऱ्हाईक बाईंना घर बदलायचं होतं आणि नव्या जागेत पक्षी चालणार नव्हता. त्यांच्याकडे कॉन्यूर होता, पोपटाच्याच कुळातला, फूटभर लांबीचा, पिवळाधमक आणि पोटाशी पेटल्यासारखा नारिंगी. डागताईंनी तो पाहिला आणि त्यांचा जीवच जडला. नर की मादी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. डागताईंनी नाव ठेवलं ठिणगी, मग ती मादीच झाली.

बसमामांना हे पसंत नव्हतं. घरात एक तोंड वाढवायचं कशाला, आणि तेही चावरं, असं म्हणून त्यांनी पेपरात डोकं खुपसलं.

डागताईंनी मात्र लेक बाळंतपणाला यावी तशी तयारी केली. पिंजरा वाऱ्यापासून दूर, पण उजेडाच्या खिडकीजवळ ठेवला. तापल्यावर ज्याचा वास पाखराला मारतो असा नॉनस्टिक तवा भंगारात दिला. दुकानातल्या रसायनांचा वास अंगाला चिकटलेला असायचा, म्हणून घरी आल्या की आधी न्हाऊन, कपडे बदलून मगच पिंजऱ्याशी जायच्या. सुरुवातीला तर पिंजऱ्यात हातच घातला नाही. नुसत्या शेजारी बसून बोलत राहायच्या: आज कोणाच्या कोटावर काय सांडलं होतं, मालक कोणावर खेकसला. ठिणगी मान वाकडी करून ऐकायची. मग एके दिवशी ती एक पाय उचलून, पुन्हा मागे घेऊन, पुन्हा उचलून डागताईंच्या बोटावर आली. तिच्या पंजाची ऊब त्यांना दिवसभर बोटावर जाणवत होती.

पण एक अवघड काम होतं. आधीच्या घरी ठिणगीला नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलं होतं. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला बजावलं की या बिया म्हणजे निव्वळ तेल, त्याने यकृत बिघडतं. दाणेदार खाद्य द्या, गाजर, पालेभाजी द्या, आणि बिया बंद म्हणजे बंद. डागताई पहाटे उठून गाजर किसायच्या, पालेभाजी पुन्हा पुन्हा धुवायच्या. ठिणगी वाटी उलटी करायची, किंचाळायची, बोटाचा लचका घ्यायची. डागताई रक्त पुसून पुन्हा वाटी भरायच्या. आज रुसेल, उद्या खाईल, अशी स्वतःची समजूत घालायच्या.

आणि मग हळूहळू ठिणगी बसमामांची झाली.

ते खुर्चीत बसले रे बसले की ही उडून त्यांच्या खांद्यावर. त्यांच्या कानाची पाळी चोचीत धरून गुरगुरायची, पिसं फुलवून डोकं खाजवून घ्यायची. डागताई जवळ आल्या तर पिसाळून अंगावर यायची. बसमामा हसून म्हणायचे, "अगं, पाखराला माणूस कळतं." डागताईही हसायच्या, पण ते मनाला लागायचं. जबाबदारी अंगावर घेतली त्यांनी, आणि पोर दुसऱ्याच्या कडेवर. असं पूर्वीही झालं होतं. मुलगी लहानपणी बाबांच्याच गळ्यात पडायची आणि अभ्यासाला बसवणारी आई तिला दुष्ट वाटायची. आपलाच हात कडू असेल, असं म्हणून डागताई पुन्हा गाजर किसायला घ्यायच्या.

पुढच्या तपासणीला दोघंही गेले. डॉक्टरीणबाईंनी ठिणगीला तोलून पाहिलं, पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. पाखरू अंगाने सुटलं होतं, चोचही नको तशी वाढली होती. बिया कोण देतंय, असं त्यांनी थेट डागताईंना विचारलं. डागताई म्हणाल्या की घरात बीच नाही. डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसला नाही. जीव लावता येत नसेल तर निदान जीव घेऊ नका, असं त्या बोलल्या, आणि बाकावर मांजर घेऊन बसलेल्या माणसानेही मान वर करून पाहिलं.  त्यांनी आधारासाठी नवऱ्याकडे पाहिलं. बसमामा भिंतीवरचं माशांचं चित्र पाहत होते.

घरी आल्यावर डागताईंना स्वतःचाच संशय येऊ लागला. खाद्यात काही मिसळलेलं असेल, खाद्य तोलताना आपण चुकत असू. त्या ठिणगीच्या वाटीतला घासन् घास मोजूनमापून घालू लागल्या. ठिणगी त्यांच्याकडे पाठ करून बसू लागली.

मग थंडी सरली आणि बसमामांचं जाकीट धुवायला निघालं. दुकानात कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करायचे, हा डागताईंच्या हाताचाच गुण. परक्यांचे इतके खिसे त्यांनी उलटे केले होते, पण घरच्या माणसाचे कधी नाही. जाकिटाचा उजवा खिसा उलटा केला आणि टेबलावर काळी-पांढरी टरफलं सांडली. काही फोडलेली, काहींत बी अजून तशीच. शिवणीत तर दाबून दाबून भरलेली.

त्या जाकीट हातात घेऊन उभ्याच राहिल्या. शेजारी इस्त्री करणारीने काय झालं विचारलं, तर डाग जुना आहे म्हणाल्या.

घरी त्यांनी आरडाओरडा केला नाही. टरफलं कागदात बांधून आणली होती, ती बसमामांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

बसमामांनी आधी हसण्यावारी नेलं. दोन-चार बियांनी काय होतंय, तिचं तोंड बघवत नाही, तू फारच कडक वागतेस.

"बिया दिल्यात त्याचं नंतर बघू," डागताई म्हणाल्या. "त्या बाई मला बोलत होत्या तेव्हा तुमची जीभ कुठे गेली होती?"

बसमामांनी टरफलांचा कागद कपाआड सारला. मग म्हणाले की त्या वेळी सुचलं नाही. उद्याच जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच बाहेर पडले, आल्यावर म्हणाले की सांगितलं सगळं, बाई हसल्या. डागताईंचा राग अर्धा ओसरला.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोनवर सगळं सांगितलं. लेक खळखळून हसली. "आई, तुला आत्ता कळलं? शाळेत असताना तू गोड बंद केलं होतंस ना माझं, दात किडले म्हणून? बाबा रोज बसमधून उतरताना चॉकलेट द्यायचे. आईला सांगायचं नाही, असं ठरलं होतं आमचं."

डागताईही हसल्या, फोनवर हसायलाच हवं होतं म्हणून. दाताच्या डॉक्टरकडे लेकीला धरून बसण्याचं काम तेव्हाही त्यांचंच होतं. ती किंचाळायची आणि बाबांना बोलवा म्हणायची.

बिया खरंच बंद झाल्या. ठिणगीचं वजन उतरलं, पिसांना तकाकी आली. पुन्हा तपासणीची वेळ आली, तेव्हा डॉक्टरीणबाई तिला तोलून समाधानाने म्हणाल्या, "चला, या वेळी तरी ऐकलंत तुम्ही." म्हणाल्या त्या डागताईंना.

डागताईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. बसमामा पिंजऱ्याची कडी विनाकारण उघडझाप करत होते. त्या दिवशी ते कुठे जाऊन बसले होते कोण जाणे. इथे मात्र आले नव्हते.

"बिया हे द्यायचे," डागताई शांतपणे म्हणाल्या. "मागच्या वेळीही हेच उभे होते इथे."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. मग कोणी का देईना, बंद झाल्या ना, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

रस्त्यात बसमामा कुरकुरले की चारचौघांत सांगायची काय गरज होती. चारचौघांतच तर मी बोलणी खाल्ली, असं डागताई म्हणाल्या आणि पिंजरा त्यांच्या हातात देऊन पुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून गाजर किसण्याचं काम बसमामांकडे आलं. डागताईंनी त्यावर भांडण केलं नाही. किसणी काढून ओट्यावर ठेवली आणि आवरून दुकानात गेल्या. आता वाटी उलटायची ती बसमामांच्या अंगावर, आणि बोटाला पट्टी असायची तीही बसमामांच्या. ते ठिणगीची मनधरणी करायचे, गाणी म्हणायचे, पण ती त्यांच्या खिशात डोकं घालून रिकामीच बाहेर यायची आणि चिडून किंचाळायची.

एका सुट्टीच्या दुपारी डागताई धुतलेले कपडे घडी घालत बसल्या होत्या. ठिणगी पिंजऱ्यातून बाहेर आली, खुर्चीच्या पाठीवर थोडं थांबली आणि उडून त्यांच्या खांद्यावर बसली. मानेशी अंग चोरून तिने पिसं फुलवली आणि डोकं पुढे केलं. डागताईंनी एका बोटाने तिचं डोकं खाजवलं. तिच्यावर त्यांचा राग नव्हताच. पाखरू ते, जिथे गोड मिळेल तिकडे जाणार.

दारातून बसमामांनी ते पाहिलं. त्यांना मनापासून आनंद झाला असावा. "बघ," ते म्हणाले, "आली की नाही शेवटी तुझ्याकडे?"

डागताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मांडीवर त्यांचाच सदरा होता. तो बाजूला सारून त्यांनी स्वतःची साडी ओढली आणि घडी घालू लागल्या.