दिवा लागल्यावर द्यायचं नाही

विरुपाक्ष आप्पांबद्दल चौसाळ्यात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. माप चोख, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि उधारीवरून कधी कुणाची अब्रू काढली नाही. मला मात्र त्यांचं नाव निघालं की आजही डोकं तडकतं. वाईट माणसाचा राग आला तर चार शिव्या देऊन मोकळं होता येतं. चांगल्या माणसाचा राग कुठं नेऊन ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

गोष्ट दोन हजार आठची. हायवेला लागून आप्पांचं किराणा दुकान आणि मागच्या खोलीत, जिथं आधी पेंडीची पोती असायची तिथं, दोन कॉम्प्युटर. त्यांचा मुलगा संगमेश्वर ते बसवून, टेलिफोनवाल्यांकडून ब्रॉडबँड जोडून घेऊन पुण्याला नोकरीला निघून गेला. मी बारावी झालेली, बीडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली धनगराची पोरगी. आप्पांनी मला तिथं बसवलं. पोरांचे निकाल काढायचे, अर्ज भरायचे, मोबाइलमध्ये गाणी टाकून द्यायची. सगळ्या गावात तेवढंच एक इंटरनेट होतं.

आमचे आबा, सटवा, बिरोबाची ओवी गायचे. यात्रेला देवाच्या जन्माची मोठी ओवी आमच्याच घरातून व्हायची आणि ती सबंध फक्त आबांना येत होती. मग त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली ती गेली, सोबत जीभही गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, चुकलेलं कळायचं, पण तोंडातून शब्द म्हणून काही येत नव्हतं. ढोल वाजवणारा माझा थोरला भाऊ सिदू इतकी वर्षं त्यांच्या मागं उभा होता. त्याला चाल येत होती, ओवी तुकड्यातुकड्यांनी येत होती. आणि आमच्यात ती ओवी अर्धी गात नाहीत. एकदा देवापुढं धरली की शेवटाला न्यायची, नाहीतर धरायचीच नाही. म्हणजे सिदूला शेवटापर्यंत मिळाली नाही, तर आमच्या घरातून ती कायमची जाणार होती.

मला एक आशा होती. मी शाळेत असताना सोलापूरकडचा राधाकिशन नावाचा पोरगा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. आमच्या मेंढरांमागं बालाघाटाचे डोंगर तुडवत फिरला, आबांकडून सगळ्या ओव्या गाऊन घेतल्या आणि गेला. त्याचा पत्ता कुणी घेऊन ठेवला नव्हता. दुकानात बसल्यापासून रिकाम्या वेळेत मी इंटरनेटवर त्याला शोधायची. एक दिवस एका पानावर आबांचं नाव इंग्रजी अक्षरांत दिसलं. गावाचं नावही होतं.

तिथं लिहिलं होतं, टोरंट. मी दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत फाइल उतरलीसुद्धा. मी सिदूला फोन करून आबांना बोलावून घेतलं. तो मोटारसायकलवर मागं एका पोराला बसवून, आबांना मध्ये धरून घेऊन आला, मी स्पीकरचा आवाज वाढवला, आप्पांच्या बायको उमाबाई हात पुसत येऊन बसल्या. मी फाइल उघडली तर कॉम्प्युटर मलाच विचारतोय, ही कशानं उघडू? चार वेळा दाबलं, चार वेळा तेच. आबा माझ्याकडं बघत होते. मला असा संताप आला की तो डबा उचलून हायवेवर फेकून द्यावा.

फोनवर संगमेश्वर पोट धरून हसला. मग त्यानं समजावलं, की हे गाणं नव्हे, गाण्याचा पत्ता आहे. गाणं तुकडे होऊन वेगवेगळ्या लोकांकडे असतं. टोरंटचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यायचं, त्यात हा पत्ता टाकायचा. ते प्रत्येकाकडून थोडं थोडं आणतं, आणि आपल्याकडं जे आलंय ते त्याच वेळी दुसऱ्यांना देतं. जो देत नाही त्याला बाकीचे हात आखडून देतात. हे मला लगेच कळलं. मेंढरं कातरायची असली की आमच्यात अशीच सावड असते. आज सगळे माझ्या वाड्यावर, उद्या मी त्यांच्या. जो दुसऱ्याच्या कातरणीला जात नाही, त्याच्या मेंढरांची लोकर अंगावरच राहते.

सॉफ्टवेअर टाकलं, पत्ता दिला आणि सुरू झालं. खाली दोन बाण होते. खालच्या दिशेचा बाण म्हणजे येणारं, वरच्या दिशेचा म्हणजे जाणारं. ओवी घेणारे आम्ही डझनभर लोक होतो. सांगली, सातारा, पुणे, कुठले कुठले. सगळी धनगरांचीच पोरं असावीत. त्या पानावर निरोप लिहायची सोय होती. मी लिहिलं, मी चौसाळ्याची, सटवाची मुलगी अंजू. त्यावर सगळ्यांनी आबांना नमस्कार पाठवले. आबांना वाचून दाखवलं तर त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले.

छोट्या ओव्या एकेक करून पूर्ण झाल्या. मोठी मात्र हळूहळू येत होती. सकाळपासून लोडशेडिंग, लाइट यायची पाचनंतर. बाकीची पोरंही कामावरून सुटून संध्याकाळीच मशीन लावायची. त्यात, ज्यानं या ओव्या तिथं ठेवल्या होत्या त्या राधाकिशनचा निरोप आला. टेपा केव्हाच खराब झाल्या होत्या, आता त्याचं मशीनही विकायला निघालं होतं, त्याला थांबता येत नव्हतं. त्यानं लिहिलं, मी गेल्यावर कुणा एकाकडं अख्खी ओवी नाही, पण सगळे तुकडे तुमच्यात मिळून आहेत. एकमेकांना देत राहा, सगळ्यांची पूर्ण होईल. मी त्याचा नंबर मागितला, पण त्यानंतर तो कधी दिसला नाही.

आणि इथं आप्पा आडवे आले.

त्यांच्या घरात दिवा लागल्यावर मीठ, दही, सुई काही बाहेर जात नव्हतं. दुकानातूनसुद्धा नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून विनवायचं, आप्पा हात जोडून म्हणायचे, सकाळी या. त्या दिवशी उमाबाईंनी दिवा लावला, आप्पांनी गादीला नमस्कार केला आणि मागं येऊन माझ्या खांद्यावरून बघत बसले. हे बाण कसले म्हणून विचारलं. मी हौसेनं सांगितलं, हे येतंय आणि हे जातंय. जातंय म्हणजे काय, कुणाला जातंय? ओळखीचे नाहीत आप्पा, लांबलांबचे लोक आहेत. त्यांचा चेहरा उतरला.

"दिवा लागल्यावर घरातलं बाहेर देतीस, अंजे? आन् ते बी अनोळखी मानसाला?"

मी म्हटलं, देऊन कमी होत नाही, आपलं आपल्यापाशी राहतंच. ते म्हणाले, दिवसा दे, कितीही दे. येणारं येऊ दे, त्याला माझी ना नाही. पण दिवा लागल्यावर जाणारं बंद. दिवसा लाइट कुठं असते, हे मी विचारलं. लाइट पाचला यायची, दिवा साडेसहाला लागायचा आणि पोरं सातनंतर यायची. आता यात काय डोंबल देणार?

उमाबाई माझ्या बाजूनं बोलल्या, की ते काय मीठ आहे का. तरी आप्पा हलले नाहीत. त्यांच्या वडिलांचं दुकान माजलगावला होतं. ते बुडालं त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला कुणीतरी विरजण मागून नेलं होतं, असं त्यांच्या आईनं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. माणूस खोटं वागत नव्हता. खरोखर घाबरत होता. मला त्याचाच जास्त संताप यायचा, कारण घाबरलेल्या माणसाशी भांडून काही निघत नाही.

संगमेश्वरला फोन केला तर तो म्हणाला, बाबांना तू ओळखतेसच, बघू पुढच्या महिन्यात. त्याच्या ऑफिसात टोरंट बंद होतं आणि खोलीवर नेट नव्हतं. एवढं शिकवणारा, पण बापाला एक शब्द बोलायची छाती नाही. मी सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन बीडला गेले, तर स्टँडजवळच्या कॅफेवाल्यानं बाहेरचं सॉफ्टवेअर टाकू देणार नाही म्हणून हाकललं. परत येऊन मुकाट्यानं रोज साडेसहाला देणं बंद करू लागले. एकदा चोरून चालू ठेवलं. पण आप्पांना तो वरचा बाण आता चांगलाच ओळखू येत होता. दिव्याला हात जोडले की लगेच मागं येऊन बाणाला बघायचे.

व्हायचं तेच झालं. आम्ही देत नाही म्हटल्यावर आम्हालाही थेंब थेंब येऊ लागलं. मोठी ओवी सरत आली आणि तिथंच अडली. कारण शेवटाकडचे काही तुकडे नेमके आमच्याच मशीनवर होते, ते मिळाल्याशिवाय दुसऱ्या कुणाची पूर्ण होत नव्हती. आणि दुसऱ्यांकडचे काही आमच्याकडं नव्हते. पानावर निरोप येऊ लागले. आधी विनंतीचे, ताई, रात्री मशीन चालू ठेवा. मग टोमण्यांचे. मी खरं कारण लिहिलं तर एकानं नुसता हसरा चेहरा पाठवला. आणि एका संध्याकाळी कुणीतरी लिहिलं, सटवाची पोरगीच बापाची ओवी दाबून बसली आहे, विकायची असेल.

ते मी वाचलं तेव्हा आप्पा दिव्याला हात जोडत होते. त्यांच्यादेखत मी देणं चालू केलं. वरचा बाण हलायला लागला, तिकडं कुणीतरी अधाशासारखं घेत होतं, आमचाही खालचा बाण पळायला लागला. आप्पा म्हणाले, बंद कर. मी म्हटलं, न्हाई करत. ते पुढं गेले आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. दिव्याच्या उजेडात गिऱ्हाइकं, उमाबाई, सगळी जागच्या जागी उभी राहिली.

मी म्हणाले, "आप्पा, तुमचं मीठ न्हाई मी देत कुनाला. माझ्या बापाचा आवाज हाय त्यो. तुमी कोन अडवनार?"

"आवाज तुजा आसंल," आप्पा म्हणाले. त्यांचा हात अजून स्विचवरच होता. "घर माजं हाय, अंजे."

घर त्यांचं होतंच. नेट त्यांचं, मशीन त्यांचं. आमचं म्हणून फक्त गाणं होतं. मी चपला घातल्या आणि घरी गेले. आठवडाभर गेलेच नाही. मग आईनं, कडूबाईनं, मला ढकलून पाठवलं, की तू राग धरून बसलीस तर जे थोडं येतंय तेही जाईल. गेले. तोवर निम्मी पोरं निघून गेलेली. जे पूर्ण होतच नाही त्याच्यासाठी कोण रोज मशीन जाळत बसणार? पुढच्या दिवसांत एकेक नाव कमी होत गेलं. मी बाणांकडं बघत बसायची आणि दात ओठ खायची.

यात्रा तोंडावर आली तेव्हा सिदू आबांना घेऊन आला. म्हणाला, जेवढी हाय तेवढी लाव, उरलेली मी जुळवून बघतो. मी मोठी ओवी लावली. आबांचा तरणा आवाज सगळ्या दुकानात भरला. आप्पा गादीवरून उठून मागं आले, दाराला टेकून उभे राहिले. आबा डाव्या हातानं मांडीवर ताल धरत होते. सिदू सोबत म्हणत होता, चुकला की आबा जोरात थाप मारायचे, तो दुरुस्त करायचा. देव जन्माला यायच्या जागी ओवी चढते, तिथं आबांनी हात वर उचलला, आता पुढची ओळ येणार म्हणून.

स्पीकर गप्प झाला.

आबांचा हात वरच. सिदूनं अंदाजानं एक ओळ जोडून पाहिली, आबांनी मान हलवली. दुसरी जोडली, पुन्हा मान हलवली. आबांनी तोंड उघडलं. नुसता घशातून एक आवाज आला, परत आला, मग त्यांनी तोंड मिटून घेतलं. हात मात्र खाली घेईनात. त्या मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग दारातल्या आप्पांकडं. शेवटी सिदूनंच तो हात धरून मांडीवर ठेवला. निघताना तो एवढंच म्हणाला, की यंदा ओवीला बाहेरचे गायक सांगावे लागतील.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी नेहमीसारखं देणं बंद करायला हात पुढं केला. उमाबाईंनी दिवा लावला. आप्पांनी गादीला नमस्कार केला, मागं आले, माझ्याशेजारच्या खुर्चीत बसले.

"राहू दे चालू," म्हणाले. "आज दिवा लागल्यावर बी दे. रातभर दे. मी बसतो हितं."

मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. घेणाऱ्यांच्या जागी शून्य होतं.

"द्या की आप्पा," मी म्हणाले. "कुनाला देता?"