पुढची तार

लेकीचं गाव वाऱ्याच्या तोंडावर आहे. वर्षातले बहुतेक दिवस वारा तिकडूनच येतो, आणि आमची जुनी कॅटमरान, दोन अरुंद होड्या जोडून वर फळ्या टाकाव्यात तशी, समोरच्या वाऱ्यात पुढे कमी आणि बाजूला जास्त जाते. लेक फोनवर म्हणते, "आई, विका ती होडी आणि बसने या." हे होडीशिवाय जायला तयार नाहीत आणि मी ह्यांच्याशिवाय. त्यामुळे आम्ही दोघंही इथेच.

होडीचं आम्ही काय काय केलं! तळ खरवडून गुळगुळीत केला. कप्पे रिकामे केले. 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली तिसरी किटलीसुद्धा गेली. नवं शीड शिवून घेतलं. शेवटी मी कंटाळले. खाडीच्या तोंडाशी खुणेचा तरंगता लाल बोया आहे. इंजिन न लावता आज तो ओलांडला तर होडीने जायचं, नाही तर बसने, असं मी सकाळी सांगून टाकलं. ह्यांनी नुसती मान हलवली. भांडायचं त्राण कुणातच नव्हतं.

शीड शिवणारा ह्यांचा जुना मित्र, तोही बरोबर आला. आम्ही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे वळत होतो आणि दर वेळी किनाऱ्यावरच्या गोदामाची तीच पिवळी भिंत समोर येत होती. होकायंत्र एक दिशा दाखवत होतं, फोनच्या नकाशावरची आमच्या वाटेची रेघ दुसरीच. मधला फरक म्हणजे आमचं घसरणं.

"अरे, होडीचं नाक एवढं वाऱ्यात खुपसू नकोस. आधी पळू दे तिला," भावोजी सुकाणूवरच्या ह्यांना म्हणाले.

"पळतेय की."

"खेकडा पळतो तशी."

मी दोन होड्यांमध्ये ताणलेल्या पुढच्या जाळीवर उताणी पडून वर पाहिलं. डोलकाठीच्या टोकापासून होडीच्या नाकापर्यंत येणारी तार, जिच्यावर पुढचं शीड असतं, ती मधोमध कमानीसारखी वाकली होती. शिडाला पोट सुटलं होतं.

"भावोजी, ही तार अशीच असते का?"

"छे! ताठ तारेच्या मापाने शिवलंय मी शीड. सैल असली की होडी अशी घसरते. हा म्हणाला होता, ताणतो."

हे दुसरीकडे बघत होते.

आम्ही धक्क्याला परत आलो. "तार का नाही ताणली?" मी विचारलं.

"ताणलीय."

"नाही ताणलेली."

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. फार पूर्वी ते तार ताणत असताना ती तुटली आणि सपकन माझ्या कोपरावरून गेली. टाके पडले होते. नंतर आम्ही जाड, नवी तार बसवली. पण त्यानंतर त्यांनी तिला कधी नीट ताण दिलाच नव्हता. तळ, कप्पे, शीड, सगळं बदललं. हे एक सोडून.

"बोलला असतात तर मी ताणली असती."

"म्हणूनच नाही बोललो."

मग पाना हातात घेऊन म्हणाले, "धक्क्यावर जाऊन उभी राहा. अजून लांब. अजून."

"अरे, आता बसस्टँडवर पोचवतोस का वहिनींना?" भावोजी म्हणाले.

ह्यांनी तारेच्या बुडाशी असलेल्या ताणायच्या स्क्रूला अर्धा फेरा दिला, थांबले, तारेला हात लावून पाहिला, पुन्हा अर्धा फेरा. भावोजींनीही नंतर थट्टा केली नाही.

दुपारी पुन्हा निघालो. होडी काही वाऱ्यासारखी पळायला लागली नाही. फक्त घसरणं कमी झालं. पिवळी भिंत हळूहळू मागे राहिली. खूप वळणं घ्यावी लागली, आणि बोया अगदी काठीने ढकलता येईल इतक्या जवळून गेला. कुणी ओरडलं नाही.

"झालं. आता जा लेकीकडे," भावोजी म्हणाले.

"किती दिवस लागतील?" ह्यांनी विचारलं.

"वारा असाच राहिला तर चार-पाच. असंच वळत वळत."

ह्यांनी समोरच्या करड्या पाण्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते, खांदे उतरले होते. मला वाटलं होतं, खूश होतील.

"होडीनेच जायचं ना?" त्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"ठरलंय तसंच," मी म्हणाले. "व्हा बाजूला." आणि सुकाणू माझ्या हातात घेतलं.