नाव घ्यायचं नसतं

लहानपणी गोऱ्या सरकारने शहरात वाढवायला आईच्या कडेवरून उचलून नेलेली रोझिना चाळीस वर्षांनी त्याच वाळवंटातल्या आदिवासी वस्तीवर परतली, ती शिक्षिका होऊन. मुलांना त्यांचीच संस्कृती शिकवायची, तीही शहरात छापलेल्या पुस्तकातून!

"पणजी-पणजोबांची नावं सांगा," ती म्हणाली. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"तोंडं शिवलीत का रे?" ती खेकसली.

पुढच्या बाकावरची शनेल हळूच म्हणाली, "बाई, आपल्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. कुणी घेतलंच, तर मान खाली घालून उठून जायचं. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

रोझिनाने हातातला खडू खाली ठेवला.

सरकारी कागदावर सापडलेलं आईचं नाव घेऊन महिनाभर ती दारोदार विचारत होती, "कुठंय ती?" आणि ही आडमुठी माणसं नुसती मान खाली घालून उठून जात होती.