उताराचा पाट

"रिबका, पाट उताराला लाव गं. रगत सगळं नितळू दे."

मित्रांनो, रिबकाच्या आईचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगाला अजून रंध्याचा वास होता. मी एक जुना सागवानी पाट आहे. माझे पुढचे दोन पाय आखूड, मागचे दोन उंच. सुताराची चूक नव्हती ती. रेवदंड्यात रिबकाच्या बापाने मला मुद्दाम तसा घडवला. त्या घरात मटण आधी मिठात घोळायचे, मग माझ्यावर ठेवायचे. रक्त उतारावरून गळून गेले की धुऊन शिजवायचे. रक्त पोटात जाऊ द्यायचे नाही, हा त्यांचा धर्म.

रस्त्याच्या कामावर आलेल्या भगवानरावांशी त्या घरच्या रिबकाने लग्न केले. बापाने लेक मेली म्हणून सुतक धरले. आई तेवढी चोरून एसटीपर्यंत आली आणि मला लेकीच्या काखेत देऊन गेली. पुढे ते सारे घर बोटीत बसून परमुलखात गेले.

चौसाळ्यात, आपल्या गावी आणल्यावर, भगवानराव म्हणाले, "इथं आधी जात इचारतेत. मनकर्णा म्हणून राहा. लेकरांनाबी सांगू नको. शपथ हाय माझी."

तिने शपथ पाळली. फक्त मला सोडले नाही. शेजारची मंजुळाबाई हसायची, "मनकर्णे, पाट लंगडा अन् मटणाला मिठाची आंघूळ! कुठली गं ही रीत?"

"माहेरची."

"अन् माहेर कुठलं म्हणलीस?"

नेमकी तेव्हाच तिची भाकरी करपायची.

एकटी असली की मीठ चोळताना ती गुणगुणायची:

बापानं घडिला पाट, पाट कलता उताराला
लेक वाहत गं आली, पाणी न्हाई माघाराला

भगवानराव गेले. त्यांना अग्नी दिला त्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन बसली. "मलाबी असंच जाळतील," एवढेच पुटपुटली. तिच्या माहेरी माणसाला मातीत ठेवत. हे तिच्याशिवाय मला एकट्याला ठाऊक, आणि लाकडाला कुठली आली वाचा! पुढे ती खाटेला खिळली. तिची जीभ जडावत चालली. मी न्हाणीमागे वाळवीला अंग देत पडलो होतो आणि आतल्या आत आक्रोश करत होतो. बोल गं, अजून बोलता येतंय तोवर बोल!

परवा तिचा लेक बद्रीनाथ मला शोधत आला. "मायला बसवून न्हाऊ घालू," तो बहिणीला म्हणाला, "पण ह्यो कलतोय. घसरंल ती." त्याने करवत आणली आणि मायेपोटीच माझे उंच पाय कापले. मित्रांनो, रेवदंड्याचा तेवढाच उतार या घरात उरला होता.

तिला माझ्यावर टेकवले. तिने तळहाताने मला चाचपले आणि एकदम हंबरडा फोडला. "ह्यो सपाट कुणी केला? आता रगत कुठून गळंल रे?"

"कसलं रगत, माय? आंघूळ घालायलोत तुला," बद्रीनाथ घाबरून म्हणाला.

सुनिताच्या हातात तांब्या होता. पन्नाशी उलटलेली ती लेक लहानपणापासून माझ्यावर मीठ पसरत आली होती. तिने तांब्या खाली ठेवला. "दादा, थांब जरा. माय, ही रीत कुणाची हाय? जन्मभर इचारलं, तू भाकरी करपवलीस."

"तुमच्या बाची शपथ हाय."

"बा गेला, माय. शपथ त्याच्यासंगं जळाली."

मित्रांनो, घरातली वाकडी वस्तू सरळ करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि विचारलेत, तर उत्तर येईपर्यंत तिथेच बसा. सुनिता ओल्या फरशीवर बसून राहिली. बादलीतले पाणी निवले. बद्रीनाथची करवत भिंतीशी तशीच पडली होती.

 मग म्हातारीने माझी कड घट्ट धरली.

"माझं नाव रिबका हाय," ती म्हणाली. "मी यहुदी. आईकडून येतं ते, म्हून तुमी दोघंबी. मला जाळू नका रे लेकरांनो. मातीत ठेवा."